परीक्षा देणारे आणि घेणारे

"आय गेव्ह द एक्झाम इन मार्च."

माझ्या एका विद्यार्थिनीनं एका प्रवेशाच्या मुलाखतीत हे वाक्य म्हटलं आणि समोर बसलेल्या तिघांपैकी दोघं हसले. त्यातल्या एकानं मराठीत विचारलं, "म्हणजे परीक्षा तू घेतलीस? बाई आहेस का तू शाळेत?" पुन्हा हशा. पुढे काय विचारलं ते तिला आठवत नाही. जागा मिळाली नाही. त्यानंतरच्या दोन ठिकाणी ती गेलीच नाही.

तिचे वडील बागवान. आठवडे बाजारात फळं विकतात. महिन्याभरानं पेरू तोलता तोलता ते मला म्हणाले, "सर, पोरगी बोलती, मेरेकू इंग्लिश आतीच नहीं." दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळवलेली ही मुलगी. एका क्रियापदानं तिचं तोंड बंद केलं.

हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. हसणाऱ्यांचा राग आहेच, पण त्यांचं नाव-गाव मी इथं लिहिणार नाही, कारण त्यांच्याहून मोठा गुन्हेगार मला माहीत आहे. तो रोज सकाळी आरशात दिसतो. तिला इंग्रजी शिकवलं होतं मीच.

मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. आमच्यासारख्या छोट्या शाळेत इंग्रजीला वेगळा माणूस नसतो, म्हणून ते तासही वर्षानुवर्षं माझ्याकडे आले. बी.एड.ला आम्ही भाषांतर पद्धती, प्रत्यक्ष पद्धती असं सगळं पाठ केलं होतं, पाठ टाचणंही सुबक लिहिली होती. वर्गात मात्र मी तेच केलं जे माझ्या मास्तरांनी माझ्याबरोबर केलं होतं. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे इंग्रजी क्रियापद, उजवीकडे मराठी अर्थ. टेक म्हणजे घेणे. गिव्ह म्हणजे देणे. रोज दहा, शनिवारी तोंडी. ज्याला आले नाहीत तो उभा.

आता या यादीनं काय होतं ते पाहा. मुलगी मराठीत विचार करते, "मी मार्चमध्ये परीक्षा दिली." देणे म्हणजे गिव्ह, हे सरांनीच सांगितलंय. म्हणून 'गेव्ह'. तिनं माझी शिकवण इमानदारीनं पाळली. चूक तिची नव्हती, फळ्यावरच्या रेघेची होती.

इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे शब्दशः घेतो, आणि ती 'गिव्ह' करतो शिक्षक. मराठीत नेमकं उलटं. परीक्षा मास्तर घेतात आणि पोरं देतात. उर्दूतही पोरगं इम्तिहान देतं आणि उस्ताद इम्तिहान लेतात. इंग्रज माणूस परीक्षेकडे प्रश्नपत्रिकेच्या बाजूनं पाहतो: मास्तरांनी कागद दिला, पोरानं घेतला. आपण उत्तराच्या बाजूनं पाहतो. आपण साक्ष देतो, हिशेब देतो, तशीच परीक्षा देतो. यातलं कोण शहाणं आणि कोण अडाणी, हे सांगा पाहू. कोणीच नाही. ब्रिटनमध्ये तर परीक्षेला 'सिट' म्हणजे बसणे हे क्रियापदही चालतं. ते मात्र आपल्याशी जुळतं, आपणही परीक्षेला बसतोच. आणि आपल्या देशात इंग्रजी बोलणारी असंख्य माणसं बेधडक 'गेव्ह द एक्झाम' म्हणतात. ती साहेबाच्या खुर्चीवर असली तर कोणी हसत नाही. बागवानाची मुलगी म्हणाली, तर हसतात.

पण मला नुसतं हसण्याबद्दल बोलायचं नाही. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द, ही जी समजूत आपण शाळेत, क्लासमध्ये, गाइडमध्ये पेरतो, ती सपशेल खोटी आहे आणि तिची किंमत गरिबाची लेकरं मोजतात, हे माझं म्हणणं आहे.

'टेक' हेच घ्या. औषध घेणे, रजा घेणे, हजेरी घेणे, काळजी घेणे, शपथ घेणे. इथपर्यंत मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. मुलाला वाटतं, जमलं. पुढे फोटो येतो. इंग्रजीत फोटोही 'टेक' करतात, आपण तो काढतो आणि आमच्या घरात तो खींचतात. इंग्रजीत अंघोळ 'टेक' करतात, आपण करतो. कामाला वेळ 'टेक' होतो, आपल्याकडे लागतो. बस 'टेक' करतात, आपण पकडतो. मुलगी बापावर जाते, तिथं 'टेक'च्या मागे 'आफ्टर' येतं. विमान उडतं, तिथं 'टेक'च्या मागे 'ऑफ' येतं, आणि पायातले बूट काढायचे तरी तेच 'टेक ऑफ'. एखादी घटना घडते, तिथं 'टेक प्लेस'. या सगळ्याला 'घेणे' लावून बघा. विमानानं काय घेतलं? घटनेनं कोणती जागा घेतली? शपथेचं तर आणखी गंमतशीर आहे. मराठी आणि इंग्रजी ती घेतात, उर्दू मात्र कसम खाते.

मग क्रियापदाला अर्थ असतो की नाही? असतो, पण तो एकट्याचा नसतो, संगतीचा असतो. माणसासारखंच आहे हे. एकच माणूस दुकानात शेठ, घरात अब्बा, मशिदीत सफेतला एक नमाजी आणि पोलीस ठाण्यात अर्जदार. त्याला ओळखायचं तर तो कुणाबरोबर उभा आहे ते पाहावं लागतं. आम्ही मात्र त्याचा एक पासपोर्ट साइज फोटो मुलांच्या वहीत चिकटवतो आणि म्हणतो, पाठ करा.

यावर पालक म्हणतात, "सर, म्हणूनच इंग्रजी अवघड. एकेका शब्दाचे पन्नास अर्थ. आपली भाषा सोपी, बाळबोध." मला या वाक्याची चीड आहे. गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गात एक प्रयोग केला. फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'लागणे', आणि म्हणालो, घरी, रानात, बाजारात हा कुठं कुठं ऐकता ते सांगा. तास संपला तरी हात वर होतेच.

भूक लागते, तहान लागते. ठेच लागते. आग लागते. दिवे लागतात. भाजी बुडाला लागते. गूळ गोड लागतो. आंब्याला कैऱ्या लागतात. भावाला नोकरी लागते. निकाल लागतो, आणि एखाद्याचाच निकाल लागतो तेव्हा त्याचा अर्थ फार वेगळा असतो. बाळाला नजर लागते, आजीला लळा लागतो. ती तुझी कोण लागते? चुलती लागते. पाऊस पडू लागला, म्हणून घरी जावं लागलं. इथं एकाच वाक्यात एक 'लागणे' सुरुवात सांगतं आणि दुसरं नाइलाज. एक पोरगा म्हणाला, "सर, बोअरला पाणी लागलं." सगळा वर्ग क्षणभर गप्प झाला. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत हे वाक्य ऐकण्यासाठी माणसं कर्ज काढतात. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "रोजा लागतो." तिच्या शेजारणीला कळलं नाही, तेव्हा तिनंच समजावलं, की उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये अस्रच्या सुमाराला घसा कोरडा पडतो, डोकं गरगरतं, तेव्हा अम्मी म्हणते, आज रोजा लगा.

आणि 'बस लागली'? नगरच्या माळीवाडा स्टँडवर कंडक्टर ओरडला तर गाडी फलाटावर आली. त्याच गाडीत बसलेली बाई म्हणाली तर खिडकी उघडा, तिला उलटी होणार आहे. शब्द तेच दोन. आठवीतलं कुठलंही पोर यात कधी चुकत नाही.

वाचकहो, ज्या लेकरांना 'लागणे'चे हे सगळे अर्थ कुणीही न शिकवता येतात, त्यांना आपण सांगतो की तुम्हाला 'टेक' झेपणार नाही. का झेपणार नाही? क्रियापद संगतीनं रंग बदलतं हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून आहे. आईच्या मांडीवर, ओट्यावर, भावकीच्या भांडणात ते त्यांनी मिळवलं आहे. शाळेनं फक्त एवढंच म्हणायचं होतं, "बाळांनो, तुमच्या 'लागणे'सारखंच इंग्रजीत एक 'टेक' आहे." आम्ही ते कधी म्हटलं नाही. उलट पहिल्या दिवशी सांगितलं, घरची बोली दाराबाहेर काढून या.

यात कुठल्याही भाषेनं कमीपणा मानायचं कारण नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ नोंदले गेले. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'नं त्यालाही मागं टाकलं, सहाशेच्या वर गेलं. हे ऐकून आपण तोंडात बोट घालतो. पण आपल्याकडेही मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ ला आला, १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्याच १८५७ मध्ये लंडनच्या विद्वानांच्या सभेत, इंग्रजीचे कोश अपुरे आहेत, नवा हवा, ही चर्चा सुरू झाली आणि तिच्यातून पुढे हा ऑक्सफर्डचा कोश उभा राहिला. नंतर दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून निघाले. त्यात कधीतरी 'लागणे', 'खाणे', 'मारणे', 'काढणे' उघडून बघा. पोराला इंग्रजी माध्यमात घालण्याआधी एकदा बघा. आपली भाषा बाळबोध आहे असं पुन्हा म्हणणार नाही.

उर्दू शिकवणारा म्हणून मला एक उदाहरण फार आवडतं. अरबीत 'ज़र्ब' म्हणजे मारणे, ठोका देणे. याच धातूचं क्रियापद कुरआनात उदाहरण देण्यासाठी येतं आणि जमिनीवर प्रवास करण्यासाठीही येतं. तिथं कुणी 'मारणे' हा एकच अर्थ धरून बसला, तर तो वाचणार काय आणि समजणार काय? उर्दू शाळेत 'ज़र्ब' म्हणजे गुणाकार. 'ज़र्बुल-मसल' म्हणजे म्हण. नाण्यावर ठसा ठोकतात, म्हणून मुघलांच्या काळात आपल्या नगरच्या टांकसाळीत पडलेल्या नाण्यांवर 'ज़र्ब अहमदनगर' अशी अक्षरं असत. आणि हाच शब्द मराठीत आला तेव्हा 'जरब' झाला, म्हणजे धाक. मास्तरांची जरब. ठोक्यापासून गुणाकार, नाणं, म्हण आणि धाक. आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे, नाणी वस्तुसंग्रहालयात आहेत, पण तो ठोका आमच्या शाळेत अजून रोज ऐकू येतो. गणिताच्या तासाला एका अर्थानं, माझ्या तासाला दुसऱ्या.

आणि ज्या 'टेक'साठी आमची मुलगी हसण्यावारी गेली, तो 'टेक' तरी इंग्रजीचा मूळचा कुठं आहे? जुन्या इंग्रजीत घेण्याला 'निमन' म्हणत. उत्तरेकडून समुद्र ओलांडून आलेल्या लढवय्यांनी, आणि त्यांच्यामागून येऊन तिथंच शेती करून राहिलेल्या लोकांनी, आपलं 'ताका' सोबत आणलं. पिढ्यान्‌पिढ्या शेजार झाला, लग्नं झाली, बाजार झाला आणि परक्यांचा शब्द घरचा होऊन बसला. जुन्याची खूण उरली ती 'नम' या शब्दात. नम म्हणजे बधिर, मूळ अर्थ, ज्याला काहीतरी घेऊन गेलं आहे असा. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडलेल्या मुलीला यापेक्षा नेमका इंग्रजी शब्द मला सुचत नाही.

शब्दांची अशी ये-जा आपल्या मातीला नवी नाही. याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, संस्कृतातलं मराठीत आणण्यासाठी. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमदांनी मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहिला. दोन-दोन, तीन-तीन भाषा एका तोंडात नांदवणं हे इथल्या माणसाला जमतंच. आमच्या बागवानाची मुलगी गिऱ्हाइकाशी मराठी बोलते, बापाशी दखनी, मदरशात अरबी वाचते आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी हिंदी. चार भाषांच्या या पोरीला आपण 'लँग्वेज वीक आहे' असा शेरा देतो. धन्य आपली शेरेबाजी!

आता दोष वाटतो. पहिला आमचा, शिक्षकांचा. यादी देणं सोपं असतं, तपासणं त्याहून सोपं. वाक्यं घडवून घ्यायला वेळ लागतो आणि पोर्टलवर माहिती भरून उरतो तो वेळ फार थोडा. ही सबब खरी आहे, पण ती सबबच आहे.

दुसरा धंदेवाल्यांचा. तालुक्याच्या प्रत्येक चौकात फलक आहे, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. आत काय मिळतं? पाचशे क्रियापदांची छापील यादी, मधोमध रेघ. माझ्याच फळ्याची महाग आवृत्ती.

तिसरा धोरणाचा. २००० साली राज्यानं पहिलीपासून इंग्रजी आणलं. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. गावच्या पोरांनाही इंग्रजी मिळावं, हा विचार रास्तच होता. पण शिकवणार कोण आणि कसं, हा प्रश्न वर्गाच्या दारात सोडून दिला. २०२० चं राष्ट्रीय धोरण म्हणतं, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. घोषणा झाल्या, हार-तुरे झाले. आमच्या वर्गातली मधली रेघ तशीच आहे.

चौथा दोष आपल्या समाजाचा, आणि तो मी स्पष्टच लिहितो. आपण उर्दू शाळेतून मूल काढतो, मराठी शाळेतून काढतो आणि ऐपत नसताना इंग्रजी माध्यमात घालतो. तिथं त्याला मराठी बोललं तर दंड, दखनी बोललं तर टिंगल. घरी अम्मीला इंग्रजी येत नाही, म्हणून गृहपाठाला ट्यूशन. चार-पाच वर्षांनी ते मूल एकाही भाषेत स्वतःच्या मनातलं धड सांगू शकत नाही. ज्या भाषेत क्रियापद कसं वळतं हे त्याला उमगलं होतं, ती भाषाच आपण काढून घेतली. फांदी हवी म्हणून बुंधा तोडला.

कुणीतरी विचारेल, "सर, तुमचा मुलगा कुठं शिकतो?" विचारायलाच हवं. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो. मीही घाबरलो होतो. परवा त्यानं आजीला विचारलं, "दादी, फोटो घेऊ का?" आजीनं भिंतीवरची तसबीर काढून त्याच्या हातात दिली. सगळे हसले, मीही हसलो. रात्री झोप लागली नाही.

दुसरं कुणी म्हणेल, इंग्रजीशिवाय रोजीरोटी नाही, तुम्ही आमच्या पोरांना मागं ठेवू पाहता. नाही, भाई. इंग्रजी हवीच, हक्कानं हवी आणि अस्खलित हवी. शेतकऱ्याच्या, हमालाच्या, बागवानाच्या पोरीला ती मिळालीच पाहिजे. माझं भांडण इंग्रजीशी नाही, ती ज्या खोट्या वाटेनं शिकवतो त्या वाटेशी आहे. घरच्या भाषेवर पाय देऊन इंग्रजीपर्यंत पोचता येतं. घरची भाषा पायाखालून काढून घेतली, तर मूल हवेत लोंबकळतं.

यंदा जूनपासून मी फळ्यावरची रेघ पुसली आहे. मुलांच्या हातात एक 'संगत वही' आहे. आठवड्याला एकच इंग्रजी क्रियापद. ते कुणाकुणाबरोबर बसतं, त्याची वाक्यं गोळा करायची. पुढे तेच घरी कसं म्हणतात ते मराठीत, उर्दूत, दखनीत, जसं तोंडात येईल तसं. जिथं जुळतं तिथं बरोबरची खूण, जिथं जुळत नाही तिथं फुली. फुली म्हणजे चूक नाही, इथं दोन भाषा वेगळ्या वाटेनं जातात एवढंच. 'टेक'च्या पानावर फोटो, अंघोळ, वेळ, बस आणि परीक्षा, या सगळ्यांपुढे फुल्या आहेत. चाळीस क्रियापदांत वर्ष संपेल. पाचशे होणार नाहीत. न होवोत.

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुम्ही हे करून पाहा. पालकांनो, शाळेत मीटिंगला जाल तेव्हा फीबरोबर एवढंही विचारा, की माझ्या मुलाच्या घरच्या बोलीचं तुम्ही वर्गात काय करता? आणि मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसणाऱ्या साहेबांनो, समोरची मुलगी 'गेव्ह' म्हणाली, तर हसण्याआधी एक क्षण थांबा. ती चार भाषा ओलांडून तुमच्यापर्यंत आली आहे. तुम्ही किती ओलांडल्या?

मी तिच्या वडिलांकडे निरोप ठेवला आहे की तिला एकदा शाळेत पाठवा, माफी मागायची आहे. पेरू पिशवीत घालत ते म्हणाले, "आएगी सर, टाइम लगेगा."

लागू दे. त्या 'लागणे'चा अर्थ मला कळतो.